अधिवेशनाचा मंडप आणि चाळीचा जिना



चालकांनी मला जेव्हा बोलावले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितले की माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील गिरणीत होते, आणि त्या संपाने जी अनेक पोरे शाळेतून उठवून कारखान्यात नेऊन बसवली त्यांपैकी मी एक. पुढे जे वाचले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये. मी जे पाहिले आणि जे वाचले, त्या दोहोंची गाठ घालून काही सांगावे, एवढाच बेत आहे.

विषय साधा आहे. आपल्या वॉर्डातून निवडून जाणारा जो नगरसेवक, त्याचे आयुष्य कशात जाते? आपण म्हणाल, पैसे खाण्यात. हे उत्तर इतके तयार असते की पुढचा विचारच खुंटतो. नगरसेवकांत खाणारे आहेत, हे मी आपल्याहून अधिक जाणतो. कंत्राटी सफाई कामगारांची युनियन चालवणाऱ्याला कंत्राट म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु खाणारा असो की न खाणारा, त्याचे दिवस कसे जातात हे पाहिले तर दोन गोष्टी सगळ्यांना सारख्या लागू पडतात. एक, पक्षाची अधिवेशने, शिबिरे, मेळावे. आणि दुसरी, मते मागत फिरणे. एकीकडे मंडप, दुसरीकडे चाळीचा जिना. ह्या दोहोंच्या मधे नगरपालिका नावाची जी इमारत आहे तिथे तो किती वेळ असतो, हा खरा प्रश्न आहे.

मी स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिलो नाही. पण १९९२ पासून २०१७ पर्यंत मुंबई महापालिकेच्या सहा निवडणुका झाल्या, त्या साऱ्यांत कोणासाठी ना कोणासाठी जिने चढलो. आज मी कोणत्याही पक्षाचा झेंडा घेऊन इथे आलेलो नाही, तेव्हा पक्षांची नावे घेणार नाही. ज्याला त्याला आपापला पक्ष ओळखू येईलच.

प्रथम अधिवेशनांविषयी. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली मुंबईला भरले हे शाळेतले पोरही सांगते. पण ते मुळात पुण्याला भरायचे होते, आणि पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून आयत्या वेळी मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवले, हे थोड्यांच्या ध्यानात असते. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कॉलरा म्हणजे पिण्याच्या पाण्याची घाण. देशाचा कारभार मागायला निघालेले ७२ प्रतिनिधी, आणि त्यांची बसायची जागा ठरवली ती एका शहराच्या पाण्याने! राष्ट्राचे राजकारण आणि गटाराचे राजकारण ही दोन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्यांनी ह्या पहिल्याच अधिवेशनाकडे पाहावे.

पुढे १९०१ साली कलकत्त्याला अधिवेशन झाले. गांधीजी तेव्हा आफ्रिकेतून आलेले, फारसे कोणाला ठाऊक नसलेले गृहस्थ. प्रतिनिधींच्या छावणीतले संडास पाहून त्यांचे डोके फिरले. स्वयंसेवकांना सांगितले तर ते म्हणाले, हे काम आमचे नव्हे, भंग्याचे. गांधीजींनी झाडू मागून घेतला. आत्मकथेत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात मी हा प्रसंग दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी एखादी झाडूवाली बाई विचारते, "मग बाकीचे प्रतिनिधी काय करत होते?" ठराव मांडत होते, दुसरे काय!

अधिवेशने म्हणजे नुसता देखावा, असे मात्र माझे मत नाही. १९०७ साली सुरतेला जहाल-मवाळांचे भांडण झाले, व्यासपीठावर जोडा आला आणि तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांना लागला, ह्याची आपण चेष्टा करतो. मी करत नाही. जोडा फेकणे वाईटच. पण माणसे जोडा केव्हा फेकतात? त्या मंडपात काहीतरी खरोखर ठरणार आहे असे वाटते तेव्हा. आजच्या महाअधिवेशनात कोणी जोडा काढील काय? काढला तर बसायला सोफा आहे म्हणून पाय मोकळे करायला काढील. जे ठरायचे ते आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत चार माणसांनी ठरवलेले असते. मंडपातल्या हजारोंनी फक्त हात वर करायचे, आणि आता तेही नाही. टाळ्यांवरच ठराव मंजूर.

१९२० साली ३१ ऑक्टोबरला मुंबईच्या एम्पायर थिएटरात आयटकची स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. नेहरू अध्यक्ष होते, साने गुरुजींसारखी माणसे महिनोन्महिने त्याच्यासाठी गावोगाव हिंडली होती, आणि तिथे शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. ह्या अधिवेशनांना जाणारा माणूस परत येताना काहीतरी घेऊन येत असे. आमच्या चळवळीत अजूनही मसुदा आधी छापून येतो, शाखेत त्याचे वाचन होते, उपसूचना लिहून पाठवायच्या असतात. कंटाळवाणे असते खरे. रात्री अकराला बाराव्या परिच्छेदातल्या एका शब्दावर वाद घालणारे कामगार मी पाहिले आहेत, आणि मीही त्यांच्यात होतो. पण त्या कंटाळ्यातूनच माणसाला कळते की पक्ष हा आपला आहे, आणि आपणही त्याचे आहोत.

आता आपला नगरसेवक अधिवेशनाला कसा जातो ते पाहा. त्याला निरोप येतो: तीन बसगाड्या भरून माणसे आण. प्रतिनिधी म्हणून त्याला बोलावलेले नसते, माणसे आणणारा म्हणून बोलावलेले असते. मग तो डेअरीवाल्याकडे, केबलवाल्याकडे, बिल्डरच्या मॅनेजरकडे जातो. गाड्यांचे भाडे, नाश्त्याची पाकिटे, टोप्या, फलक. दोन दिवस वॉर्डात नसतो. तिथे जाऊन काय करतो? मोठ्या नेत्याच्या मागे फोटोत डोके दिसावे म्हणून धडपडतो. हे मी उपहासाने सांगतो असे वाटेल, पण त्या डोके दिसण्यावर त्याचे पुढले पाच वर्षांचे पोट अवलंबून असते. ते कसे, ते जरा पुढे येईल.

फिरोजशहांचे नाव निघाले आहे तर त्यांच्याविषयी आणखी थोडे. मुंबई महापालिकेचे ते अनभिषिक्त राजे. १८७१ सालीच त्यांनी एक निबंध वाचून मांडले होते की शहराचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभेकडे असावा, पण अंमलबजावणी मात्र एका जबाबदार आयुक्ताच्या हाती असावी. १८८८ च्या कायद्याने हीच रचना पक्की झाली, आणि तिचा गाभा आजपर्यंत तोच आहे. त्या कायद्याखालची सभा ७२ जणांची. त्यांतले निम्मे, म्हणजे ३६, करदात्यांनी वॉर्डावॉर्डांतून निवडायचे. १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी. दोन विद्यापीठाच्या फेलोंनी, दोन व्यापाऱ्यांच्या चेंबरने. आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे. १९०७ च्या आरंभी फिरोजशहांना जस्टिसांच्या मतदारसंघातून पाडण्यासाठी सरकारी वर्तुळातल्या गोऱ्यांनी संगनमत केले, त्याला 'कॉकस' म्हणतात. म्हणजे ज्या वर्षाच्या आरंभी त्यांना सरकारच्या माणसांनी पाडायला पाहिले, त्याच वर्षाच्या अखेरीस लोकांच्या बाजूने म्हणवणाऱ्याचा जोडा त्यांना लागला. नगरपालिकेतल्या माणसाचे प्रारब्ध असे दोन्हीकडून असते!

ह्या साऱ्यात कामगार कुठे होता? कुठेच नव्हता. १९२२ साली महिना दहा रुपये भाडे देणाऱ्याला मत मिळाले. गिरणी कामगाराची खोली बहुधा त्या दहा रुपयांच्या आतली; त्याची बायको-पोरे आणि गावाकडचे चार गाववाले त्याच खोलीत. त्या खोलीतून नगरसेवकाला मत जात नव्हते. १९४८ साली मुंबईत प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली, आणि तेव्हा कुठे मते मागणाऱ्याला आमच्या चाळीचा जिना चढावा लागला. १८८८ पासून १९४८ पर्यंत साठ वर्षे होतात. तो जिना चढणे ज्यांना आज हलकेपणाचे वाटते त्यांनी ही साठ वर्षे मोजावीत.

दहा वर्षांत त्याचे फळ दिसले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १९५७ साली समितीने मुंबई महापालिका जिंकली, आणि १९५८ साली कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. मीरत कटाच्या खटल्यातला आरोपी मुंबईच्या महापौराच्या खुर्चीवर बसला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर ह्या शाहिरांच्या डफाने जी मैदाने भरत त्या मैदानांतूनच हे घडले. १९६१ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर महापालिकेत गेल्या. मृणालताईंनी गोरेगावच्या पाण्यासाठी जे केले त्यावरून लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. नगरसेवकाला ह्याहून मोठी पदवी मला ठाऊक नाही.

आता जिन्याकडे येऊ. हा माझा अनुभवाचा भाग आहे, म्हणून थोडा रेंगाळलो तर क्षमा असावी.

प्रचारफेरी दोन तऱ्हेची असते. एक वाजतगाजत, ढोलताशा, उघडी जीप, हात जोडलेला उमेदवार, खिडकीतून पाहणारी पोरे. हिचा उपयोग कार्यकर्त्यांना उभारी येण्यापुरता. दुसरी घरोघरची. ही करायची तर यादी हातात लागते. यादीचे भाग असतात, भागातल्या घरांचे क्रम लावायचे, कोणाचे नाव दोनदा आहे, कोण मेले, कोण बदलापूर-विरारला राहायला गेले, पोरगी लग्न होऊन गेली, सून आली पण तिचे नाव आलेले नाही, हे सगळे पेन्सिलीने टिपायचे. चाळीत हे काम दोन संध्याकाळींत होते, कारण पहिल्या खोलीतली म्हातारी सगळ्या मजल्याचा हिशेब सांगते. चाळीचा जिना चढताना वरपासून सुरुवात करावी, हे मला एका जुन्या कार्यकर्त्याने शिकवले. खालून सुरुवात केली की तिसऱ्या मजल्यापर्यंत पाय थकतात आणि बोलणे आखडते. वरून उतरत आलो की तळमजल्यावर हसत पोचतो.

आणि वेळ निवडायची. गिरणगावात पाळ्यांवर वेळ ठरे. आता संध्याकाळी साडेआठ ते दहा, आणि रविवार. लोखंड्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ती नसती तर आपल्या लोकशाहीला दारावर थाप मारायला दिवसच मिळाला नसता. हा आपला सहज आलेला विचार.

दार उघडले की माणूस काय म्हणतो? "पाच वर्षांनी आलात?" हे पहिले वाक्य. हे बहुतेक घरी ऐकावे लागते आणि ऐकून घ्यावे. नव्या उमेदवाराला मी सांगतो, ह्याला उत्तर देऊ नकोस, खाली बस. बसलास की दुसरे वाक्य येते, आणि ते खरे असते. संडासची टाकी तुंबली आहे. नळाला पहाटे चारला पाणी येते, दहा मिनिटे. मुलाला पालिकेच्या शाळेत घातले तर आठवीनंतर वर्गच नाही. सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकले आहे आणि त्यापायी खोली नावावर होत नाही. अधिवेशनाच्या मंडपात दोन दिवस बसून शहराविषयी जे कळत नाही ते एका मजल्यावर कळते. मते मागणे हलके काम आहे असे म्हणणाऱ्याने एक संध्याकाळ माझ्याबरोबर यावे.

पण हिशेब पाहा. २०११ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख. नगरसेवक २२७. म्हणजे एका वॉर्डात सरासरी पंचावन्न हजार माणसे. घरटी साडेचार माणसे धरली तर बारा हजार दारे. खऱ्या प्रचाराला मिळतात बारा-चौदा दिवस. रोज हजार दारे. दहा तास फिरले तरी तासाला शंभर. म्हणजे एका दाराला एक मिनिटसुद्धा नाही! तिथे कोण बसणार आणि दुसरे वाक्य कोण ऐकणार? मुंबईबाहेरच्या महापालिकांत तर २०१७ साली चार-चार जागांचा एक प्रभाग केला गेला. एका मतदाराला चार मते, चार नगरसेवक, आणि गटार तुंबले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. मोठा प्रभाग म्हणजे मोठा खर्च, आणि मोठा खर्च म्हणजे मोठ्या पक्षाचा किंवा मोठ्या पैशाचा माणूस. झाडूवाली बाई एका गल्लीत निवडून येऊ शकते. सत्तर हजारांच्या प्रभागात तिला चेहऱ्यानेसुद्धा कोणी ओळखत नाही.

आणि नवीन इमारती. जिथे गिरण्या होत्या तिथे बुरूज उभे आहेत. त्यांच्या फाटकावर वॉचमन असतो, बहुतेक आमच्याच युनियनचा. तो कानात सांगतो, "साहेब, सोसायटीचा नियम आहे, आत सोडता येत नाही, पत्रके माझ्याकडे द्या, मी ठेवतो." मी बिल्डिंगवाल्यांना दोष देत बसत नाही. पण एवढे विचारतो: मते मागणारा दारात येऊ नये असा नियम केला, तर नगरसेवकाला आपले दुसरे वाक्य कळणार कसे? मग तो कमिटीच्या सेक्रेटरीशी बोलतो, आवारात फरशा घालून देतो, बाकडी टाकून देतो, त्यांवर आपले नाव रंगवतो, आणि तीनशे मतांचा हिशेब एका चहात होतो. वस्तीत पाकिटे वाटली म्हणून ओरड होते. सोसायटीला फरशी वाटली तर तिला विकास म्हणतात. पाकीट मी वाईटच म्हणतो. मात्र फरशीलाही त्याच यादीत घाला.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. नगरसेवकाचे पोट नेत्याच्या मागे डोके दिसण्यावर का अवलंबून? त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान मिळाले, दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची झाली, स्त्रियांना एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. हे सगळे फार चांगले झाले, आणि पतीराजांच्या कारभाराचे विनोद सांगणाऱ्यांना मी सांगेन की आमच्या संघटनेच्या बायकांनी सभागृहात बोलणारी बाई प्रथम पाहिली ती ह्या राखीव जागांमुळेच. पण वॉर्डांचे आरक्षण सोडतीने बदलते. चिठ्ठी निघते आणि पाच वर्षे राबून जो वॉर्ड उभा केला तो हातातून जातो. मग त्या माणसाने काय करायचे? शेजारच्या वॉर्डात तिकीट मागायचे. तिथले लोक त्याला ओळखत नाहीत, तेव्हा तिकीट लोकांच्या जोरावर मिळत नाही, नेत्याच्या मर्जीवर मिळते. नेता भेटतो कुठे? अधिवेशनात. झाले, जिन्यावरचा माणूस मंडपात जाऊन बसला. त्यात १९८६ च्या कायद्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाते. फुटिरांना आळा बसावा म्हणून तो कायदा झाला, हेतू बरा होता. पण गटाराच्या कंत्राटावर मनाला पटेल तसे मत देणाऱ्यालाही तोच चाबूक, आणि सबंध टोळीने उठून दुसरीकडे जाणाऱ्यांना काही होत नाही. एकट्याने प्रामाणिक असणे धोक्याचे, मिळून बेइमान असणे सुरक्षित!

इथे मला महात्मा फुले आठवतात. ते १८७६ ते १८८३ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांना कोणी निवडून दिले नव्हते, सरकारने नेमले होते. म्हणजे त्यांना ना मते मागायची होती ना कुठल्या अधिवेशनात मिरवायचे होते. सरकारने नेमलेला माणूस सरकारचा मिंधा असायला हवा. पण १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताला हजार रुपये खर्चावे असा ठराव आला, तेव्हा ३२ सभासदांत विरोधी मत एकट्या जोतिरावांचे पडले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. इतिहासाची ही गंमत. मला सांगायचे ते वेगळे. आजचा नगरसेवक लोकांनी निवडलेला आहे, मानधन घेतो, घटनेचे पाठबळ आहे. आणि ३२ मध्ये एकटा उभा राहायला त्याला कायद्यानेच मनाई आहे. ही प्रगती म्हणायची की काय म्हणायचे, ते प्राध्यापक मंडळींनी ठरवावे.

मानधनाचाही विषय आलाच आहे. २०१७ साली मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन महिना १०,००० वरून २५,००० झाले. वर्तमानपत्रांत ओरड झाली. पण हिशेब कामगाराने करावा. सकाळी सहापासून दारात माणसे. रेशनकार्ड, जे पालिकेचे नव्हेच. पोलीस ठाणे, जे राज्य सरकारचे. इस्पितळातली खाट, शाळेचा प्रवेश, मयताला गाडी. मयताला जाणे तर चुकत नाही. लग्नाला नाही गेले तर चालते, मयताला नाही गेले तर मत गेले. कारखान्यातली नोकरी सांभाळून हे होत नाही. बिनपगारी रजा किती घेणार? म्हणून पूर्वी जो फिटर किंवा विणकर नगरसेवक होत असे तो आता होत नाही, आणि ज्याचे हॉटेल आहे, केबल आहे, बांधकामाचे सामान पुरवायचा धंदा आहे तो होतो. लोकप्रतिनिधीला पोटापुरते द्यायचे नाही असे ठरवले की ज्याचे पोट दुसरीकडून भरते तोच पुढे येतो. युनियनमध्ये पूर्णवेळ कार्यकर्त्याला जे द्यावे लागते ते द्यावे लागते, हा आमचा जुना अनुभव आहे. तो महापालिकेला लागू का होऊ नये?

आपण म्हणाल, अशा नगरसेवकावाचून काय अडले? ह्याचे उत्तर प्रत्यक्ष मिळाले. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. प्रभागांची संख्या, इतर मागासांचे आरक्षण, न्यायालयातले वाद, कारणे अनेक. २०२३ गेले, २०२४ गेले, २०२५ गेले. आयुक्त तेच प्रशासक; अर्थसंकल्प त्यांनीच मांडायचा, त्यांनीच मंजूर करायचा. फिरोजशहांच्या रचनेतले एक चाक काढून घेतले आणि गाडी एका चाकावर चालवली. पुष्कळ सुशिक्षितांना हे बरेच वाटले. कटकट गेली, म्हणाले. आमच्या कंत्राटी कामगारांना काय वाटले ते सांगतो. पूर्वी पगार थकला की एखादा नगरसेवक सभागृहात उठून प्रश्न विचारी. मतांसाठी विचारी, पेपरात नाव यावे म्हणून विचारी, पण विचारी. त्या वर्षांत विचारायला कोणी नव्हते. वॉर्ड ऑफिसात गेलो की साहेब मीटिंगमध्ये. मोर्चा नेला की निवेदन टपालात टाका. मते मागणारा माणूस जेव्हा नसतो तेव्हाच त्याची किंमत कळते, आणि ती आधी कळते ती ज्याच्याकडे दुसरा वशिला नाही त्याला.

मुंबईत २०१२ साली शंभरांतल्या पंचेचाळीसांच्या आसपास लोकांनी मत दिले, २०१७ साली पंचावन्नांच्या आसपास. न देणाऱ्यांत वस्तीतले कमी, बुरुजातले अधिक, असे माझ्या पेन्सिलीच्या खुणा सांगतात. शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहावे. २००९ साली महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात घातली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा बोलवायची. हा कायदा झाला हे ह्या सभागृहात किती जणांना माहीत आहे, हात वर करायला मी सांगत नाही. नगरसेवकाला तर माहीत असले तरी तो सांगणार नाही.

आम्ही वस्तीपुरता आमचा एक रिवाज चालू ठेवला आहे. युनियनचा कोणी प्रतिनिधी परिषदेला गेला तर परत आल्यावर त्याने फाटकावर उभे राहून दहा मिनिटांत सांगायचे, कशावर मत दिले आणि का. २०१७ च्या निवडणुकीनंतर आमच्या भागातल्या एका नगरसेवकाला, तो मूळचा आमच्यातलाच पोरगा, मी म्हटले, तूही सांग. तो आला, ही त्याची भलमनसाई. पक्षाच्या दोन दिवसांच्या अधिवेशनाहून नुकताच परतला होता. व्यवस्था, मंडप, पडदे, नेत्यांची भाषणे, सगळे रंगवून सांगितले. मी विचारले, "मत कशावर दिलेस?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "काका, मतदान असं काही नव्हतं." लोक हसले. मागे एक म्हातारी बसली होती, चाळीस वर्षे झाडू मारून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "बाळा, तिथं पाणी होतं का?"

"होतं ना मावशी. बाटल्या होत्या."

"आमच्या नळाला नाही आलं कालपासून. ते लिहून घे."

त्याने खिशातून वही काढली, चाळीचा क्रमांक विचारला, मजला विचारला, आणि लिहून घेतले. मग तिच्या शेजारची उठली, तिच्यामागे आणखी दोघी. त्या रात्री दहा मिनिटांची सभा पावणेअकरापर्यंत चालली.